क्रियापदाची चौकट: स्वतःची भाषा घडवणाऱ्या नवख्यांसाठी

नवी भाषा घडवायला बसलेला माणूस आधी ध्वनी ठरवतो, मग लिपी रेखाटतो आणि मग शब्दांची वही भरायला घेतो. 'फोडणे' म्हणजे अमुक, 'देणे' म्हणजे तमुक. दोनेकशे शब्द जमले की एखादी छोटी गोष्ट त्या भाषेत लिहून बघायची हौस येते, आणि तिसऱ्या-चौथ्या वाक्याला गाडी अडते. माझी 'काच फुटली' या वाक्यावर अडली होती. वहीत 'फोडणे' होते, 'फुटणे' नव्हते. मी कर्ता गाळून नुसते 'फोडले काच' लिहिले आणि पुढे गेलो. पानभर पुढे 'काचेने फोडले' असे म्हणायची वेळ आली, तेव्हा तेही वाक्य हुबेहूब तसेच दिसले. शब्द कमी पडले नव्हते. क्रियापदाभोवती कोण कोण उभे राहणार आणि कोणत्या खुणेने ओळखू येणार, हे मी ठरवलेच नव्हते.

ते कसे ठरवायचे, तेवढेच या लेखात आहे. नमुन्यासाठी 'केमा' नावाची एक इवलीशी भाषा सोबत घडवत जाऊ. तिच्यात चार नामे आहेत: नूम (मुलगा), दाली (मुलगी), पेश (मडके), काव (दगड). क्रियापद वाक्यात पहिले येते. काळ सध्या बाजूला ठेवू.

आधी माणसे मोजा

शाळेच्या विज्ञानात 'संयुजा' शिकवतात. सोडियमची 1, ऑक्सिजनची 2, कार्बनची 4, म्हणजे अणू किती बंध जोडू शकतो ती संख्या. लूसियें तेनिएर या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने हीच कल्पना क्रियापदाला लावली. 1954 मध्ये तो वारला आणि त्याचा मोठा ग्रंथ 1959 मध्ये, मरणोत्तर, छापला गेला. वाक्य म्हणजे एक छोटे नाटक, असेही तो म्हणतो: क्रियापद ही घटना, तिच्यात भाग घेणारी पात्रे, आणि मागचा पडदा म्हणजे वेळ, जागा, कारण वगैरे. मला 'पात्र' हा शब्द सोयीचा वाटतो, तोच पुढे वापरतो.

तर पहिली पायरी: वीस-पंचवीस रोजची क्रियापदे घ्या आणि प्रत्येकाला किती पात्रे लागतात ते लिहा. 'झोपणे'ला एक, 'पाहणे'ला दोन, 'देणे'ला तीन. शून्यही विसरू नका. 'उजाडले', 'सांजावले', 'गडगडले' यांत कर्ता कोण? मराठी व्याकरणात यांना भावकर्तृक क्रियापदे म्हणतात, कारण क्रियेचा भाव हाच कर्ता धरायचा. इंग्रजीला अशा ठिकाणी एक पोकळ सर्वनाम कर्त्याच्या खुर्चीत बसवावे लागते. तुमच्या भाषेत खुर्ची रिकामी चालते की नाही, हा निर्णय आत्ताच घ्या. केमात चालते.

पात्र आणि पडदा यांत गोंधळ होतो, तो सोडवायला मी एक ढोबळ कसोटी वापरतो. तो भाग गाळून वाक्य म्हणा. ऐकणारा लगेच अडून विचारतो का ते बघा. 'तिने काल अंगणात ठेवले.' 'काय ठेवले?' हा प्रश्न टाळता येत नाही, म्हणून ती वस्तू हे पात्र. 'काल' गाळले तर कोणी हटकत नाही, तो पडदा. पण 'अंगणात' गाळून बघा: 'तिने मडके ठेवले.' 'कुठे?' असे विचारले जातेच. म्हणजे जागा सहसा पडद्यावर असली, तरी 'ठेवणे'च्या नाटकात ती रंगमंचावर येते. अशी क्रियापदे सापडली की समजायचे, यादी जमू लागली.

आकडा वाढवण्याचा मोह मात्र आवरा. लोजबान या तर्कावर बेतलेल्या भाषेत प्रत्येक मूळ क्रियाशब्दाच्या जागा क्रमाने ठरलेल्या असतात. 'क्लामा' या एका शब्दाला पाच आहेत: कोण जातो, कुठे, कुठून, कोणत्या वाटेने, कशाने. जागांची अदलाबदल करायला 'से', 'ते', 'वे', 'खे' असे चार छोटे शब्द आहेत. रचना देखणी आहे, पण शेकडो शब्दांच्या जागा पाठ करणे हे शिकणाऱ्याच्या माथी येते. पहिल्या भाषेत तीनच्या वर जाऊ नये, असे माझे मत.

'फोडणारा', 'फुटणारे' आणि 'झोपणारा'

आता खुणा. दोन पात्रांच्या वाक्यात करणारा आणि सोसणारा वेगळे ओळखता आले पाहिजेत. एका पात्राच्या वाक्यात तो प्रश्नच नसतो, कारण एकटाच आहे. मग या एकट्याला कोणाच्या रांगेत बसवायचे? यावर भाषेचा सगळा चेहरा ठरतो.

त्याला करणाऱ्याच्या रांगेत बसवले आणि सोसणाऱ्याला वेगळी खूण दिली, की झाली एस्पेरांतो या घडवलेल्या भाषेसारखी भाषा. झामेनहोफने 1887 मध्ये ती प्रसिद्ध केली. तिच्यात कर्माला 'न' हा प्रत्यय लागतो आणि कर्ता नेहमी कोरा राहतो. उलट, एकट्याला सोसणाऱ्याच्या रांगेत बसवले आणि करणाऱ्यालाच खूण दिली, तर स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरच्या बास्क भाषेसारखी घडण होते. तिघांना तीन वेगळ्या खुणा देण्याचा रस्ताही आहे. पॉल फ्रॉमर यांनी 'अवतार' चित्रपटासाठी घडवलेल्या नावी भाषेत तो घेतलेला दिसतो.

हे परके वाटत असेल तर आपल्याच तोंडाकडे लक्ष द्या. 'मुलगा झोपतो', 'मुलगा पाटी फोडतो': कर्ता कोरा. भूतकाळात शिरलो की 'मुलगा झोपला', पण 'मुलाने पाटी फोडली'. 'मुलाने'ला खूण लागली आणि क्रियापद मुलाला सोडून पाटीच्या लिंगाशी जुळले. पाटीच्या जागी मडके ठेवा, 'फोडली'चे 'फोडले' होते. शाळेत यालाच कर्मणी प्रयोग म्हणून घोकून घेतले. कर्माला 'ला' लागला ('मुलाने मांजराला पकडले') की क्रियापद कोणाचेच ऐकत नाही, नपुंसकलिंगी एकवचनात जाऊन बसते: भावे प्रयोग. त्यात 'मी' आणि 'तू' यांना ही 'ने'ची खूण लागतच नाही. 'मी मडके फोडले' यात 'मी' कोराच आहे, आपण करणारे आहोत हे फक्त क्रियापदाच्या वागण्यातून कळते. एकाच भाषेत एवढे सगळे सुखाने नांदते. म्हणून तुमच्या भाषेत दोन पद्धती मिसळल्या तर घाबरू नका, फक्त सीमा कुठे आहे ते लिहून ठेवा: काळावर, पुरुषावर, की सजीव-निर्जीवावर.

केमासाठी मी करणाऱ्याला खूण देतो, 'स'. बाकी कोरे.

हाम नूम.
मुलगा झोपला.

रेक दालीस पेश.
मुलीने मडके पाहिले.

खूण नामावरच असली पाहिजे असे नाही. क्रम पुरतो, किंवा क्रियापदालाच दोन्ही पात्रांचे प्रत्यय लावता येतात. पण तिघांपैकी किमान एक साधन भक्कम हवे. माझ्या जुन्या भाषेत क्रम मोकळा होता आणि खूणही नव्हती. ती भाषा मी सोडून दिली.

मला दिसते, मला आवडते

नवख्यांच्या भाषेत सर्वात उघडी पडणारी जागा ही. 'मला भूक लागली', 'मला राग आला', 'मला ते आवडते' यांत ज्याला जाणवते तो 'ला' लावून एका कडेला, आणि भूक किंवा राग कर्त्याच्या आसनावर. मराठी माणूस भाषा घडवतो तेव्हा ही मांडणी नकळत जशीच्या तशी उतरते. इंग्रजीतून विचार करणारा 'मी आवडतो' छापाची मांडणी उतरवतो. दोन्ही चालतील, पण निवडून घ्या. अंगवळणी पडलेली गोष्ट आपोआप वहीत येऊ देऊ नका.

पाणिनीने सहा कारके सांगितली: कर्ता, कर्म, करण, संप्रदान, अपादान, अधिकरण. त्यात कर्ता कोण, तर 'स्वतंत्रः कर्ता', क्रियेत जो स्वतंत्र आहे तो. शिवाय एक कारक म्हणजे एक विभक्ती असे तो मानत नाही. भूमिका वेगळी, तिचा पोशाख वेगळा. कृत्रिम भाषेच्या वहीतही हे दोन रकाने वेगळे ठेवा. एका रकान्यात पात्र काय करते, दुसऱ्यात त्याला कोणती खूण लागते.

केमात मला एक गंमत करून बघायची आहे. मराठीत 'पाहणे' आणि 'दिसणे' असे दोन शब्द आहेत. केमात शब्द एकच, 'रेक'. फरक खुणेने दाखवायचा. मुद्दाम केले तर 'स', आपसूक घडले तर 'न'.

रेक नूमस पेश.
मुलाने मडके पाहिले.

रेक नूमन पेश.
मुलाला मडके दिसले.

एवढ्या एका निर्णयातून 'ऐकणे' आणि 'ऐकू येणे', 'आठवण काढणे' आणि 'आठवणे' या जोड्या फुकटात सुटल्या.

फुटणे आणि फोडणे

इथे जरा रेंगाळायला हवे, कारण माझ्यासारखे बहुतेक जण इथेच अडतात.

आपोआप घडणे आणि कोणीतरी घडवणे, या जोडीतला मूळ शब्द कोणता? भाषा चार प्रकारे वागतात. एक, आपोआप घडणे हा पाया आणि घडवण्याला प्रत्यय. दोन, घडवणे हा पाया आणि आपोआप घडण्याला प्रत्यय. तीन, दोन्हींना एकच शब्द. चार, दोन सर्वस्वी वेगळे शब्द. एस्पेरांतो पहिले दोन्ही प्रकार वापरते. 'बोली' म्हणजे उकळणे (पाण्याचे), त्यावरून 'बोलीगी' म्हणजे उकळवणे. पण 'रोंपी' म्हणजे मोडून टाकणे, आणि त्यावरून 'रोंपीजी' म्हणजे आपोआप मोडणे. एस्पेरांतो शिकणाऱ्याला प्रत्येक क्रियापद कोणत्या बाजूने सुरू होते ते लक्षात ठेवावे लागते, आणि तिथेच त्याच्या चुका होतात. सोन्या लँग यांच्या 2001 च्या तोकी पोना भाषेने तिसरा मार्ग धरला. 'तोमो ली पोना' म्हणजे घर चांगले आहे. 'मी पोना ए तोमो' म्हणजे मी घर चांगले करतो, अर्थात दुरुस्त करतो. शब्द तोच, पुढे 'ए' आला की कर्म आले असे समजायचे.

भाषाशास्त्रज्ञ मार्टिन हास्पेलमाथ यांनी 1993 मध्ये 21 भाषांतल्या अशा 31 जोड्या तपासल्या. उकळणे, गोठणे, वाळणे, बुडणे यांसारख्या आपसूक घडू शकणाऱ्या क्रियांत बहुधा घडवण्याच्या बाजूला जादा प्रत्यय लागतो. मोडणे, उघडणे, मिटणे यांसारख्या सहसा कोणाच्या तरी हातून होणाऱ्या क्रियांत उलटा कल दिसतो. आता मराठी घ्या: गोठणे-गोठवणे, वाळणे-वाळवणे, बुडणे-बुडवणे. तिन्हीकडे घडवण्यालाच 'व' लागलाय. 'उघडणे' आणि 'मोडणे' मात्र दोन्हीकडे चालतात: 'दार उघडले' आणि 'तिने दार उघडले'. शाळेतली 'उभयविध क्रियापदे' ती हीच. मधे 'फुटणे-फोडणे', 'तुटणे-तोडणे', 'सुटणे-सोडणे' ही स्वर आणि व्यंजन बदलणारी जुनी टोळी उभी आहे. तिला कोणताही एक प्रत्यय लावून उकलता येत नाही. भाषा खरी वाटावी असे वाटत असेल तर अशा चार-पाच टोळीवाल्या जोड्या आपल्या वहीतही असू द्या.

केमात 'बुल' म्हणजे फुटणे. घडवण्याला 'त'.

बुल पेश.
मडके फुटले.

बुलत नूमस पेश.
मुलाने मडके फोडले.

दोन्ही ओळींत 'पेश' कोरेच आहे. करणाऱ्याला खूण दिल्याचा हा फायदा. नवे पात्र आले तरी जुन्याला कपडे बदलावे लागत नाहीत. एस्पेरांतोत बदलावे लागतात, तिथे फुटणारी वस्तू आधी कोरी असते आणि मग तिला 'न' चिकटतो.

आता हत्यार आणा. 'मुलाने दगडाने मडके फोडले' यात दोन 'ने' शेजारी बसलेत आणि मराठीला त्याचे काही वाटत नाही. आपण अर्थावरून ओळखतो. 'दगडाने मडके फुटले' यात तर करणारा नाहीच, फक्त हत्यार आहे. तुमच्या भाषेत दोघांना एक खूण देणार की दोन? केमात हत्याराला 'के':

बुलत नूमस पेश कावके.

मग वाऱ्याने मडके पडून फुटले तर वाऱ्याला 'स' लावायचा की 'के'? वारा काही ठरवून पाडत नाही, आणि कोणाच्या हातातले हत्यारही नाही. मी 'के' लावतो. वीज, पूर, आग, ऊन या सगळ्यांचा निर्णय त्या एका वाक्यात होऊन गेला.

देण्याघेण्याची वाक्ये

'देणे'त एक देणारा, एक वस्तू, एक घेणारा. दोन पात्रांच्या वाक्यातल्या कर्माशी यांपैकी कोणाचे नाते जोडायचे, एवढेच विचारायचे. बहुतेक नवखे वस्तूला कर्म मानतात आणि घेणाऱ्याला वेगळी खूण देतात. घेणाऱ्यालाच कर्म मानून वस्तूला हत्यारासारखी खूण देणाऱ्या भाषाही आहेत, साधारण 'पाहुण्याला मानपत्राने गौरवले' या चालीवर.

मराठीत 'ला' दुहेरी काम करतो आणि त्यातून एक नाजूक तडजोड निघते. 'त्याने मुलीला पाहिले' यात मुलीला 'ला' लागतोच. पण 'त्याने मुलाला मुलगी दाखवली' असे म्हणताना 'ला' मुलाकडे गेला, म्हणून मुलगी कोरी राहिली. एका वाक्यात दोन 'ला' भिडू नयेत म्हणून भाषा स्वतःच वाट काढते. तुमची एक खूण दोन कामे करत असेल, तर दोन्ही कामे एकाच वाक्यात आणून बघा.

केमात घेणाऱ्याला जाणवणाऱ्याचीच खूण, 'न': शोन दालीस काव नूमन. मुलीने मुलाला दगड दिला.

पात्रे वाढवणे, घटवणे

पात्र वाढवायचे यंत्र आपल्याकडे 'त' आहेच. ते दोनदा लावले तर? 'मुलीने मुलाला मडके फोडायला लावले.' लावणारी आली, 'स' तिने घेतला. फोडणाऱ्या मुलाचे काय करायचे? भाषाशास्त्रज्ञ बर्नार्ड कॉम्री यांनी अनेक भाषांतून एक कल दाखवला आहे: ज्याच्याकडून करवले तो खालच्या पहिल्या रिकाम्या जागेवर सरकतो. कर्माची जागा मोकळी असेल तर तिथे, नाहीतर संप्रदानात, तीही भरलेली असेल तर आणखी खाली. मराठीत 'मुलाला बसवले', पण 'मुलाकडून पत्र लिहवून घेतले', कारण कर्माच्या जागी पत्र आधीच बसलेय. केमात पेश कोरे, म्हणून मुलगा 'न'मध्ये सरकतो:

बुलतत दालीस पेश नूमन.

कडेचे पात्र पुढे ओढणारे प्रत्ययही असतात. स्वाहिलीत 'अंदिका' म्हणजे लिहिणे आणि 'अंदिकिया' म्हणजे कोणाला तरी लिहिणे. ज्याला लिहायचे तो त्या प्रत्ययाने थेट कर्माच्या जागी येतो. आवडले तर घ्या, पहिल्याच भाषेत नसले तरी अडत नाही.

घटवण्याच्या यंत्राची गरज मात्र एका विशिष्ट वाक्याने पटते. 'मुलीने मुलाला पाहिले आणि… झोप.' झोपले कोण? मराठीत 'झोपला' की 'झोपली' हे लिंग सांगून टाकते. केमात लिंग नाही. जोडवाक्यात गाळलेले पात्र कोणते समजायचे, हा नियमच करावा लागतो. ऑस्ट्रेलियातल्या जिर्बल भाषेत 'आईने वडिलांना पाहिले आणि परतले' याचा अर्थ वडील परतले असाच होतो, कारण धागा कोऱ्या पात्राचा चालतो. मी केमात तोच नियम ठेवला.

रेक दालीस नूम, हाम.
मुलीने मुलाला पाहिले आणि मुलगा झोपला.

मुलगी झोपली असे म्हणायचे असेल, तर तिला कोरे करावे लागेल. त्यासाठी क्रियापदाला 'ऊर' लावतो. करणारी कोरी होते, पाहिलेला 'न'मध्ये ढकलला जातो.

रेकूर दाली नूमन, हाम.
मुलीने मुलाकडे पाहिले आणि ती झोपली.

एस्पेरांतोसारखी मांडणी असती, तर याच कामासाठी उलटे यंत्र, म्हणजे सोसणाऱ्याला कर्ता करणारे, घ्यावे लागले असते. दोन्ही हौसेने घालू नका. ज्या वाक्यावर अडता, त्यासाठी घाला.

वहीत नोंद कशी करावी

'बुल = फुटणे' एवढे लिहिलेत तर महिन्याभराने काही आठवणार नाही. मी अशी नोंद करतो:

बुल: एक पात्र, कोरे. टणक वस्तू फुटते. फुगा, फोड यांना नाही. घडवण्याला 'त'. कारण 'के'ने.

रेक: दोन पात्रे. पाहणारा 'स' (मुद्दाम) किंवा 'न' (आपसूक), दिसणारे कोरे.

शोन: तीन. देणारा 'स', वस्तू कोरी, घेणारा 'न'. घेणारा गाळला तर 'देऊन टाकले'.

शेवटच्या शब्दांकडे लक्ष द्या. पात्र गाळल्यावर अर्थ बदलतो का, हेही नोंदीत आले पाहिजे.

आणि अपवाद. मराठीत 'ती पाणी प्यायली', 'तो धडा शिकला', 'मी ते विसरलो' यांत कर्म असूनही भूतकाळात 'ने' येत नाही. पिणे, शिकणे, विसरणे यांचा परिणाम कर्मापेक्षा करणाऱ्यावरच जास्त होतो, असे एक स्पष्टीकरण देता येते. केमातही मी 'शिकणे', 'विसरणे' आणि 'गिळणे' यांच्या कर्त्याला कोरे ठेवले आहे. तिघांच्या नोंदीसमोर लाल पेनने 'स नाही' असे लिहून ठेवलेय, तरी गोष्ट लिहिताना दर वेळी 'स' लागतोच.